मीठ घातलं की सोन्याचं लाल पाणी निळं पडतं: गंधकाचे फांद्या असलेले रेणू कुणी वापरलेत का?

अबोली | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. विषय सोन्याचे नॅनोकण. महिनाभर एकाच ठिकाणी अडकले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कण सायट्रेटच्या (लिंबातल्या आम्लाच्या क्षाराच्या) जुन्या पद्धतीने करते. अम्लराजाने धुतलेला चंबू, अर्धा लिटर पाणी, त्यात सोन्याचा क्षार. त्याचे पिवळे खडे हवेतली ओल इतकी पटकन ओढतात की वजन करतानाच पाझरायला लागतात. चमचा प्लास्टिकचा, कारण धातूचा लावला तर त्याच्यावरच सोनं बसतं. पाणी खळखळ उकळलं की सायट्रेट एकदम ओतायचं. पिवळेपणा जातो, पाणी जरा वेळ नितळ होतं, मग करडं, मग जांभळट काळं, आणि दहा मिनिटांत डाळिंबाच्या रसासारखं लाल. आजवर कितीतरी वेळा केलंय, तरी तो लाल रंग येईपर्यंत मी चंबूसमोरून हलत नाही.

कण साधारण १३ नॅनोमीटरचे, वर्णपटातला उंचवटा, म्हणजे सगळ्यात जास्त शोषला जाणारा प्रकाश, ५१९ नॅनोमीटरवर. इथवर सगळं छान. पण याच पाण्यात पीबीएस बफर (फॉस्फेट घातलेलं मिठाचं पाणी) घातला की डोळ्याचं पातं लवायच्या आत निळं. दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी काळी पूड आणि वर स्वच्छ पाणी.

मग सायट्रेटच्या जागी मर्कॅप्टोअनडेकॅनॉइक आम्ल बसवलं. अकरा कार्बनची साखळी, एका टोकाला थायॉल (गंधक आणि त्याला हायड्रोजन), दुसऱ्या टोकाला आम्ल. पातळ बफर सोसला. पण पेशींच्या माध्यमात ३७ अंशांवर ठेवले की दुसऱ्या सकाळी जांभळे, आणि डीटीटी (दोन थायॉल असलेला छोटा रेणू) घातलं तर तासाभरात संपलं. आमच्या सरांचं म्हणणं, एका गंधकाची पकड पुरत नाही, एकाच रेणूत अनेक गंधक असलेलं काहीतरी बघ. वाचते आहे, पण कागदावर सगळंच सोपं वाटतं. हाताने केलेलं कुणी आहे का इथे?

पॅथलॅब | सोमवार, रात्री ११:१५

मी रसायनवाली नाही, लॅबमध्ये तपासण्या करते. पण गर्भचाचणीच्या पट्टीवर उमटणारी गुलाबी रेघ सोन्याच्या कणांचीच असते ना? लघवीत मीठ भरपूर असतं. मग ती रेघ निळी का पडत नाही?

सराफगल्ली | मंगळवार, सकाळी ८:०५

आमच्या घरात तीन पिढ्या सोन्याचांदीचं काम आहे, म्हणून हा धागा उघडला. एक शंका आहे. गंधकाने चांदी काळी पडते हे आम्ही रोज बघतो. सोन्याला काही होत नाही. आजोबा तर म्हणायचे, सोनं गंधकाला दाद देत नाही. आणि इथे तुम्ही म्हणता की गंधकच सोन्याला धरून ठेवतो. मेळ कसा लावायचा?

टाचण | मंगळवार, सकाळी ९:३०

अबोली, तुमच्या आधी हाच निळा रंग इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने पाहिला होता. १८५७ च्या त्याच्या व्याख्यानात सोन्याच्या लाल द्रवात मीठ घातलं की तो निळा होतो याची नोंद आहे. त्यात आधी जिलेटिनसारखी जेली मिसळली तर रंग टिकतो, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. त्याच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपलेल्या आहेत.

आणि बीएस्सीला ज्यांनी रसायन घेतलं त्यांना ‘गोल्ड नंबर’ आठवत असेल. झिग्मोंडी या रसायनशास्त्रज्ञाने १९०१ मध्ये मांडलेला. १० मिलिलिटर लाल सोन्यात १० टक्क्यांचं मिठाचं पाणी १ मिलिलिटर घालायचं आणि रंग बदलू नये म्हणून संरक्षक पदार्थ निदान किती मिलिग्रॅम लागतो ते पाहायचं. आपण तो परीक्षेसाठी पाठ केला. तुम्ही महिनाभर जे करता आहात ते नेमकं हेच आहे.

नदीकाठ | मंगळवार, रात्री ९:५०

कलिलांवर (द्रवात तरंगणाऱ्या अशा सूक्ष्म कणांवर) बरीच वर्षं काम केलंय, आता शिकवणं जास्त आणि बाकावर उभं राहणं कमी. तिन्ही प्रश्नांना एकत्र हात घालतो, कारण ते आतून एकच आहेत.

आधी निळं का पडतं ते. सायट्रेट सोन्याला बांधलेलं नसतं, नुसतं टेकलेलं असतं. त्याच्यामुळे प्रत्येक कणावर ऋण भार येतो आणि कण एकमेकांना दूर लोटतात. शुद्ध पाण्यात ही ढकल लांबवर पोचते. पीबीएसमधल्या मिठाने ती पाऊण-एक नॅनोमीटरवर येते. १३ नॅनोमीटरच्या कणाला पाऊण नॅनोमीटरचं कुंपण म्हणजे काहीच नाही. कण जवळ आले की सोन्याचं सोन्याबद्दलचं आकर्षण जिंकतं. कण चिकटले की त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनांची प्रकाशाबरोबरची हालचाल एकमेकांत गुंतते, ५२० च्या आसपास शोषला जाणारा प्रकाश लांब तरंगलांबीकडे सरकतो आणि आपल्याला निळं दिसतं.

सराफगल्ली, तुमच्या आजोबांचं खरं आहे. चांदीवर हवेतल्या गंधकाने थरावर थर सल्फाइड साठत जातं, म्हणून ती काळी दिसते. सोन्यावर तसा साठा होत नाही. पण सगळ्यात वरच्या अणूंना मात्र गंधक मनापासून आवडतो. बेल लॅब्जमध्ये नझो आणि अॅलारा यांनी १९८३ मध्ये दाखवलं की डायसल्फाइडचे (दोन गंधक एकमेकांना जोडलेले) रेणू सोन्याच्या पृष्ठभागावर ओळीने उभे राहतात, एका रेणूच्या जाडीचा थर. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दागिना तसाच झळझळीत राहतो. तुमच्या दुकानातली अंगठी थायॉलच्या द्रावणात बुडवून काढली तर फरक फक्त पाण्याच्या थेंबाला कळेल. तो पसरणार नाही, गोळा होऊन बसेल.

लिव्हरपूलच्या ब्रस्ट आणि शिफ्रिन यांच्या गटाने १९९४ मध्ये हेच कणांवर केलं. टोल्युइनमध्ये डोडेकेनथायॉल घालून १ ते ३ नॅनोमीटरचे कण, इतके टिकाऊ की सुकवून पूड करा आणि परत विरघळवा. तेव्हापासून ‘सोनं म्हटलं की थायॉल’ असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं.

आता अबोलीची अडचण. एका गंधकाचा रेणू सोन्यावर कायमचा खिळलेला नसतो. तो सुटतो, परत बसतो. आजूबाजूला दुसरा थायॉल नसेल तर परत बसतो म्हणून आपल्याला कळत नाही. डीटीटीसारखा दोन थायॉलचा छोटा रेणू शेजारी असेल, तर रिकाम्या झालेल्या जागेवर तो चढून बसतो आणि जुन्याला परत जागा मिळत नाही. पेशीच्या आत ग्लुटाथायॉन हा थायॉलवाला रेणू मिलिमोलरच्या पातळीत असतो, तोही हेच करतो. डीटीटीची चाचणी म्हणजे पेशीच्या आत जाण्याआधीची रंगीत तालीम.

वाड्याच्या जुन्या भिंतीत पिंपळाचं रोप उगवलेलं पाहिलं असेल. एक मूळ ओढून तोडलं तरी ते निघत नाही, बाकीची मुळं धरून असतात, आणि तोवर तुटलेल्या जागी नवं फुटतं. अनेक गंधक असलेल्या रेणूचं असंच. एक गंधक सुटला तरी बाकीचे दोघे-तिघे त्याला पृष्ठभागाजवळच धरून ठेवतात, तो लांब जाऊ शकत नाही, म्हणून परत बसतो. समजा एक गंधक शंभरातला एक क्षण मोकळा असतो. तिघे एकाच वेळी मोकळे असण्याची वेळ दहा लाखांत एकदा येईल. हे उदाहरणादाखल. खऱ्या रेणूत तिघे स्वतंत्र नसतात, पण गणिताची दिशा हीच.

पॅथलॅब, तुमच्या पट्टीवर सोन्यावर प्रथिन बसवलेलं असतं. प्रथिन मोठं, ते कणाला एका नाही अनेक ठिकाणी टेकतं, आणि फॅरडेची जेलीही तशीच. शिवाय त्याच्या जाड थरामुळे कण एकमेकांजवळ पोचतच नाहीत. तत्त्व जुनं आहे. नवं एवढंच की आता आपण टेकायच्या जागा मोजून मापून बांधतो.

अबोली | मंगळवार, रात्री ११:२०

काका, पिंपळाचं उदाहरण उद्या ग्रुप मीटिंगमध्ये सांगणार. पण मग फांद्याच का? सरळ साखळीवर दहा गंधक लावले तर नाही चालणार?

नदीकाठ | बुधवार, सकाळी ७:१०

चालतं, आणि ते झालेलंही आहे. पण आधी गंधकाच्या दोन रूपांबद्दल.

थायॉलमध्ये गंधकाला हायड्रोजन असतो. सोन्यावर बसताना तो सुटतो आणि घट्ट बंध होतो. इतका घट्ट की सोन्याचीही मांडणी बदलते. स्टॅनफर्डला कॉर्नबर्ग यांच्या गटाने २००७ मध्ये सोन्याचे १०२ अणू आणि ४४ थायॉल असलेल्या कणाची स्फटिकरचना काढली, तेव्हा दिसलं की गंधक वरचा सोन्याचा अणू उचलून घेतात. गंधक, सोनं, गंधक, अशी कागदाला मारलेल्या पिनेसारखी जोडणी. म्हणजे थायॉल जाताना थोडं सोनंही बरोबर नेऊ शकतो.

थायोइथरमध्ये गंधकाच्या दोन्ही बाजूंना कार्बन. हायड्रोजन नाही, त्यामुळे हवेत ठेवलं तरी डायसल्फाइड होत नाही. तो फक्त आपली मोकळी इलेक्ट्रॉनजोडी सोन्याकडे वळवतो. एकटा असेल तर पकड कमकुवत, थायॉलसमोर टिकत नाही. पण एकामागोमाग आठ असतील तर गोष्ट वेगळी.

स्वित्झर्लंडमध्ये बाझेल विद्यापीठात मार्सेल मायर यांच्या गटाने या कल्पनेचा बराच पाठपुरावा केला. बेंझिनच्या कड्या, मधे मधे थायोइथर, अशी साखळी. ती कणाभोवती गुंडाळली जाते. कण सव्वा नॅनोमीटरच्या आतबाहेरचे. हिशेब कर, एक घन नॅनोमीटर सोन्यात साधारण ५९ अणू. तुझ्या १३ नॅनोमीटरच्या कणात सुमारे ६८ हजार अणू येतात, यांच्या कणात साठच्या आसपास. एवढ्याशा कणाला लाल रंगही नसतो, द्रावण तपकिरी दिसतं.

पुढे २०११ मध्ये त्यांनी हेच थायोइथर फांद्यांवर बसवले, एका गाभ्यातून फुटणारा डेंड्रिमर. सरळ साखळीला गोल वस्तूभोवती वळसे घालावे लागतात, कुठेतरी सैल राहतं. फांद्यांचा रेणू ओंजळीसारखा सगळीकडून बंद होतो. आणि यातून माझ्या मते सगळ्यात सुंदर गोष्ट निघाली. एका कणाला एकच डेंड्रिमर पुरला, तर त्या डेंड्रिमरवर लावलेली खूण कणावर एकदाच येते. २०१२ मध्ये त्यांनी प्रत्येक डेंड्रिमरवर एकच अॅसिटिलीनचा हात ठेवला आणि दोन कण हाताला हात जोडून डंबेलसारखे जोडले. पृष्ठभागावर शेकडो थायॉल असतील तर कुठे किती लागले हे आपल्या हातात नसतं. इथे मोजून एक. कणालाच एखाद्या रेणूसारखं वापरायचं असेल तर हे हवंच.

सह्यकडा | बुधवार, दुपारी १:४५

नदीकाठ यांच्याबद्दल आदर आहे, पण अबोलीला एवढ्या लवकर डेंड्रिमरकडे पाठवू नका. मी चार वर्षं बहुदंती लिगंडांवर (कणाला अनेक हातांनी धरणाऱ्या रेणूंवर) घालवली आहेत, त्यातलं दीड वर्ष फक्त शुद्धीकरणात गेलं.

मूळ धोका पुलाचा. तीन हातांचा रेणू तीनही हात एकाच कणावर टेकेल हे कुणी ठरवलंय? एक हात या कणावर, दुसरा शेजारच्यावर, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने कण चिकटवले. माझा पहिला त्रिथायॉल घालताच द्रावण मिठाशिवायच जांभळं झालं होतं. आठवडाभर मला कळलंच नाही की मीठ नाही, माझाच रेणू दोषी आहे.

दुसरं, हातांची लांबी. आखूड असतील तर तिन्ही गंधक एकाच वेळी पृष्ठभागापर्यंत पोचत नाहीत, एक अधांतरी राहतो. आणि तो मोकळा थायॉल हवेत दुसऱ्याला जाऊन भेटतो.

तिसरं, बाझेलचे कण सव्वा नॅनोमीटरचे आणि सेंद्रिय द्रावकात, हिचे १३ चे आणि पाण्यात. पृष्ठभागच शंभरपट मोठा. एक ओंजळ पुरणार नाही. पाण्यात आणि रक्तात टिकायचं असेल तर थायॉलशिवाय गत्यंतर नाही असं माझं ठाम मत.

नदीकाठ | बुधवार, रात्री १०:००

सह्यकडा, तिसरा मुद्दा पूर्ण मान्य. मी कल्पना सांगत होतो, नुस्खा नव्हे. पुलाचा धोकाही खरा. पण तो बऱ्याचदा घालण्याच्या पद्धतीतून येतो. सोन्यात लिगंड थेंबाथेंबाने घातला की पहिल्या थेंबाला आजूबाजूला रिकामे कणच कण दिसतात, पूल होणारच. उलट करायचं. भरपूर लिगंडचं द्रावण जोरात ढवळत ठेवायचं आणि सोनं त्यात ओतायचं, तेही पातळ. मग प्रत्येक कण आल्या आल्या चहूबाजूंनी झाकला जातो.

अबोली, तुझ्या कामाला जवळचे दोन रस्ते आहेत. शिकागोजवळ नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात लेटसिंगर आणि मिरकिन यांनी २००० ते २००२ च्या सुमारास डीएनएच्या टोकाला आधी चक्रीय डायसल्फाइड आणि मग तीन थायॉल लावून पाहिले, आणि डीटीटीसमोर ते एका थायॉलपेक्षा कितीतरी जास्त टिकले. दुसरा रस्ता वॉशिंग्टनच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीतला. लायपोइक आम्ल. पाच अणूंच्या कडीत शेजारी शेजारी दोन गंधक, आपल्या शरीरातही असतं. त्यांनी एका पीईजी (पाण्यात विरघळणारं पॉलिथिलीन ग्लायकॉल) साखळीच्या टोकाला दोन लायपोइक लावले, म्हणजे चार गंधक, आणि २०१० मध्ये दाखवलं की असे कण तीव्र मिठात, टोकाच्या पीएचवर आणि डीटीटीतही टिकतात.

फांदी कुठून आणायची? लायसिन घे. त्याला दोन अमाइन असतात. प्रत्येकावर एक लायपोइक, आणि आम्लाच्या टोकाला पीईजी. साध्या अमिनो आम्लात निसर्गाने फांदी आयती दिलेली आहे.

टाचण | बुधवार, रात्री १०:३५

फार छान चाललंय. अवांतर, पण पुण्याचा संबंध आहे म्हणून: राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कात सोन्याचे त्रिकोणी पापुद्रे केले होते. अर्कातलेच पदार्थ त्यांना स्थिर ठेवतात. तिथे एकही थायॉल बाहेरून घातलेला नव्हता.

सह्यकडा | गुरुवार, सकाळी ८:२०

लायसिनची कल्पना आवडली. एक सावधगिरी, अबोली. लायपोइकवालं कुठलंही मिश्रण रोटाव्हेपरवर (द्रावक उडवायच्या फिरत्या यंत्रावर) पार कोरडं करू नकोस. गरम आणि दाट झालं की कड्या उघडून एकमेकांना जोडल्या जातात, चंबूत पिवळा डिंक उरतो आणि तो कशातच विरघळत नाही. थोड्या द्रावकात ठेव आणि तसंच पुढे ने. आणि काचसामान ब्लीचमध्ये भिजव, नाहीतर थायॉलच्या वासाने शेजारची लॅब भांडायला येईल.

अबोली | पाच आठवड्यांनी, शनिवार, संध्याकाळी ६:३०

परत आले. सगळ्यांचे मनापासून आभार, आधी हकीकत.

सह्यकडांनी सांगूनही डिंक केलाच. पहिल्या वेळी पंप चालू ठेवून जेवायला गेले, आल्यावर तळाशी पिवळा चिकट गोळा. दोन आठवड्यांचं लायसिन त्यात गेलं. त्या दिवशी फार रडू आलं. दुसऱ्यांदा शेवटपर्यंत समोर उभी राहिले आणि बोटभर द्रावक शिल्लक असतानाच थांबवलं.

बोरोहायड्राइडने कड्या उघडल्या, चार थायॉल मोकळे झाले. मग काकांनी सांगितलं तसं उलटं केलं: लिगंड ढवळत ठेवला आणि सोनं त्यात ओतलं. रंग हलला नाही. उंचवटा ५१९ वरून ५२३ वर गेला, म्हणजे कणांवर थर बसला पण कण एकटे एकटेच आहेत. तुलनेसाठी एकच लायपोइक असलेलं पीईजी आणि माझं जुनं अकरा कार्बनवालं, असे तिघे शेजारी शेजारी लावले.

पीबीएसमध्ये तिघेही दोन दिवस लाल. डीटीटी घातल्यावर जुनं तासाभरात जांभळं, नेहमीसारखं. एक लायपोइकवालं संध्याकाळपर्यंत लाल, सकाळी येऊन पाहिलं तर काठाकडे किंचित निळसर. दोनवालं मी सकाळी खिडकीत उजेडासमोर धरलं. डाळिंबाचा रंग, तसाच्या तसा. यंत्रात लावलं, ५२३. सरांना हाक मारायला गेले तर आवाजच फुटेना.

एक प्रश्न उरला. मुद्दाम लिगंड निम्मा घेऊन पाहिला, तर दोनवालंच आधी जांभळं झालं, एकवालं नंतर. हा सह्यकडांचा पूल का?

सह्यकडा | शनिवार, रात्री ८:१५

पूलच. निम्म्या लिगंडात पृष्ठभागावर रिकाम्या जागा राहतात आणि चार हातांच्या रेणूला शेजारच्या कणावर हात टाकायची संधी मिळते. हा निकाल प्रबंधात नक्की टाक, आकृतीसकट. लोक फक्त टिकलेली बाटली छापतात, न टिकलेल्या बाटलीने तुला जास्त शिकवलंय. अभिनंदन, मनापासून.

सराफगल्ली | शनिवार, रात्री ९:००

ताई, तुमची बाटली टिकल्याचं वाचून घरात सगळ्यांना सांगितलं. वडिलांनी विचारलं, अर्धा लिटरमध्ये सोनं किती असतं?

अबोली | शनिवार, रात्री ९:२०

एक मिलिमोलरचं द्रावण असतं, म्हणजे जवळपास १०० मिलिग्रॅम. गुंजेपेक्षा थोडं कमीच. वडिलांना नमस्कार सांगा. सोमवारी सीरममध्ये (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात) घालून बघणार आहे.

नदीकाठ | शनिवार, रात्री १०:१०

शाब्बास पोरी. सोमवारी घाई करू नकोस. सीरममध्ये घालण्याआधी कण सेंट्रिफ्यूज करून निदान तीनदा धू, वरचं पाणी दर वेळी काढून टाक. द्रावणात मोकळा लिगंड शिल्लक असेल तर सुटलेल्याची जागा तोच भरत राहतो आणि टिकल्यासारखं दिसतं. धुतलेल्या कणांवर डीटीटीची चाचणी परत लाव. तरीही लाल राहिलं तर इथे लिही, मी वाट बघतो.